आधी सोऱ्या, मग भाजणी

आमच्या घरात दिवाळीच्या फराळाचा एक अलिखित कायदा आहे. चकलीचा सोऱ्या माळ्यावरून उतरवून, त्याची चकती घासूनपुसून, दट्ट्या नीट फिरतो ना हे पाहिल्यावाचून भाजणीत उकळते पाणी पडायचे नाही. कायदा अर्थात आमच्या सौभाग्यवतींचा. भाजणी एकदा भिजली की ती कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी चकती शेजारच्या बिऱ्हाडी गेली आहे असा शोध लागला, म्हणजे मग हातानेच कडबोळी वळायची आणि पाहुण्यांना हसतमुखाने सांगायचे, "यंदा म्हटले कडबोळीच करू!" पाहुणेही जुने असतात. ते समजायचे ते समजतात.

तुम्ही म्हणाल, यात नवे ते काय? आधी हत्यार, मग काम, हे सुताराच्या पोरालाही कळते. कळते खरे. पण ज्या मोबाइलवाचून आज आपले पान हलत नाही, त्याच्या जगात हा साधा क्रम दरवर्षी एकदा पणाला लागतो. आणि तो चुकला म्हणजे त्याची झळ कोठवर येऊन पोचते, हे मी आमच्या भिवपुरीत बसून पाहिले आहे.

भिवपुरी म्हणजे कर्जत तालुक्यातले आमचे गाव. मुंबईहून कर्जत लोकलने निघालात, की नेरळ मागे पडल्यावर आणि कर्जत येण्यापूर्वी भिवपुरी रोड नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यासाठी येणारी मंडळी तेथे झुंडीने उतरतात. एरवी उतरणारे आम्हीच. स्टेशन लहान असले तरी गावाचे नाव जुने आहे. वर घाटमाथ्यावर ठोकरवाडीला आंद्रा नदीचे पाणी अडवून, ते नळांतून खाली सोडून, टाटांनी येथे वीज करायला सुरुवात केली ती १९२२ साली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. मी स्वतः कल्याणच्या एंजिनशेडमध्ये विजेच्या एंजिनांत हात काळे करून निवृत्त झालो. थोडक्यात, वीज आणि रूळ यांपलीकडे मला फारसे कळत नाही, आणि आजवर त्यावाचून अडलेही नाही.

आमची सूनबाई मात्र मोबाइलची ॲप्स बनवते. करोनाच्या दिवसांत लोकल बंद झाल्या, कचेरी घरी आली, आणि ती पुन्हा परत गेली नाही. तेव्हापासून वरच्या खोलीत तिचा कारखाना आहे. यंत्रांचा आवाज नाही, तेलाचा वास नाही; फक्त मधूनमधून "बाबा, चहा टाकताय का?" असा पुकारा होतो.

एकदा मी तिला विचारले, "ही ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे नेमके काय ग?"

तिने माझी भाषा घेतली. म्हणाली, "बाबा, रूळ, वरची तार आणि सिग्नल, हे सगळे मिळून ऑपरेटिंग सिस्टिम. ॲप म्हणजे त्यावरून धावणारी गाडी. गाडी मी बांधते. पण बांधायची हत्यारे ज्याचे रूळ तोच देतो. ॲपलच्या रुळांसाठी एक्सकोड, गूगलच्या अँड्रॉइडसाठी अँड्रॉइड स्टुडिओ. दरवर्षी रूळ बदलतात, मग हत्यारेही बदलतात."

"दरवर्षी रूळ बदलतात?" माझ्यातला रेल्वेवाला दचकला.

"दरवर्षी. आणि गाड्या चालू असताना."

मग हळूहळू तिच्याकडून मला या धंद्याचा इतिहास कळत गेला, आणि तो मला एखाद्या चांगल्या कादंबरीइतका रंजक वाटला. २००७ च्या जूनमध्ये ॲपलचा पहिला आयफोन बाजारात आला, तेव्हा बाहेरच्या माणसाला त्यासाठी ॲप बांधण्याचे हत्यारच नव्हते. वेबची पाने बनवा, तीच फोनवर चालतील, असे कंपनीचे सांगणे होते. हत्यारांचा संच मिळाला २००८ च्या मार्चमध्ये, आणि ॲप्सचे दुकान उघडले जुलैमध्ये. म्हणजे रूळ आधी, हत्यार आठ महिन्यांहून अधिक काळाने. गूगलने नेमके उलट केले. अँड्रॉइडची हत्यारे २००७ च्या नोव्हेंबरमध्येच जगापुढे ठेवली. चांगली ॲप्स करणाऱ्यांसाठी एक कोटी डॉलरची बक्षिसेही जाहीर केली. आणि ती प्रणाली असलेला पहिला फोन दुकानात आला तो जवळजवळ वर्षाने, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये. एकाच्या घरी भाजणी आधी भिजली, दुसऱ्याच्या घरी सोऱ्या वर्षभर आधी घासून ठेवला. गंमत अशी, की पुढे चकल्या दोघांच्याही झाल्या.

सर्वांच्याच मात्र होत नाहीत. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ आणला. त्याची हत्यारे आधी फक्त निवडक लोकांना दाखवली गेली. सर्वांना मिळाली ती ३० ऑक्टोबरला, म्हणजे प्रणालीच्या थाटामाटाच्या सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे याला वरातीमागून घोडे म्हणतात. त्या फोनची गाडी पुढे चालली नाही. त्याला कारणे अनेक होती, सारा दोष या एका दिवसावर टाकणे अन्यायाचे होईल. पण ज्या दुकानात ॲप्स कमी म्हणून गिऱ्हाईक येत नाही, त्याने ॲप करणाऱ्यांना ताटकळत ठेवावे, हा व्यवहार काही मला उमगत नाही.

आता या धंद्याचे एक पंचांग ठरून गेले आहे. ॲपल जूनमध्ये येणारी प्रणाली दाखवते आणि तिची कच्ची आवृत्ती व कच्ची हत्यारे ॲप करणाऱ्यांच्या हाती देते. सारा पावसाळा ते लोक त्यावर ठोकठाक करीत बसतात. सप्टेंबरमध्ये, बहुधा आपल्या गणपतीच्या किंवा पितृपंधरवड्याच्या सुमारास, नवे फोन जाहीर होतात आणि पाठोपाठ नवी प्रणाली कोट्यवधी फोनांवर जाऊन बसते.

येथे मी सूनबाईला एक शंका विचारली. "अग, जूनपासून कच्ची हत्यारे हातात आहेत, तर सप्टेंबरमध्ये घाई कसली?"

त्यावर तिने जे सांगितले, त्यातच या साऱ्या प्रकरणाची मेख आहे. कच्च्या हत्याराने गाडी बांधून आपल्या अंगणात फिरवता येते. पण लोकांसाठी ती दुकानात मांडायची, तर पक्क्या हत्याराने पुन्हा बांधावी लागते. मग ती दुकानाच्या तपासनिसाकडे जाते, तो पाहतो, आणि मगच ती गिऱ्हाइकाला मिळते. आणि पक्के हत्यार मिळते अगदी शेवटी. कारण त्याच्या पोटात नव्या फोनांची माहिती असते, पडदा केवढा, आकार कसा. ते फोन जगाला दाखवण्यापूर्वी हत्यार वाटले, तर गुपित फुटेल. कंपनीची ही अडचण खोटी नाही. लग्नाच्या याद्या होईपर्यंत मुलाचे नाव सांगू नये, तसाच हा प्रकार.

म्हणून सगळा प्रश्न उरतो तो एवढाच, की नवे फोन दाखवले तो दिवस आणि नवी प्रणाली लोकांच्या फोनवर आली तो दिवस, यांत अंतर किती? २०१९ साली ते नऊ दिवसांचे होते. २०२० साली मात्र १५ सप्टेंबरला ॲपलने सांगितले, की आयओएस १४ उद्या येत आहे. उद्या! आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. जगभरच्या ॲप करणाऱ्यांनी एकच ओरड केली. दहा गीगाबाइटांहून मोठे हत्यार उतरवून घ्यायचे, त्याने ॲप पुन्हा बांधायचे, तपासायचे, दुकानात पाठवायचे, आणि हे सारे एका दिवसात! अनेकांनी पहिल्या दिवसाची आशा सोडून दिली. त्यानंतर, २०२१ पासून २०२५ पर्यंत, दरवर्षी हे अंतर पाच ते सात दिवसांचे राहिले आहे. कारण कोणी जाहीर केलेले नाही; पण आकडे बोलके आहेत.

अँड्रॉइडच्या घरची तऱ्हा निराळी. तेथे गूगल प्रणाली देते, आणि फोन करणाऱ्या निरनिराळ्या कंपन्या ती आपापल्या सवडीने आपल्या फोनांवर चढवतात. त्यामुळे ॲप करणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो, पण चार पिढ्यांच्या प्रणाल्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. एकत्र कुटुंबच ते! वर्षानुवर्षे ही प्रणाली पावसाळ्याच्या शेवटी येई. २०२५ साली अँड्रॉइड १६ एकदम १० जूनलाच आली. नव्या फोनांच्या वेळापत्रकाशी मेळ बसावा म्हणून, असे गूगलने आदल्या वर्षीच सांगून ठेवले होते. आधी सांगितले, म्हणून सूनबाईने मे महिन्यातली माहेरची फेरी एप्रिलमध्ये उरकली. आधी सांगण्याचे मोल हे असे असते.

हे सारे ऐकताना मला राहून राहून आमची रेल्वे आठवे. मुंबईत विजेची पहिली गाडी धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, बोरीबंदर ते कुर्ला. तारेत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. आमच्या दारावरून पुण्याकडे जाणारा मार्ग १९३० च्या आत विजेवर आला. त्या घाटासाठीची एंजिने परदेशांत बांधून १९२८ पासूनच इकडे यायला लागली होती. त्यांच्या कण्हण्यासारख्या आवाजासाठी आणि ध्यानासाठी लोक त्यांना खेकडा म्हणत. त्यांतले एक आजही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात उभे आहे, पाहून या. तार आधी आणि एंजिनाचा पत्ता नाही, असे काही कोणी केले नाही.

पुढे देशभर २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह आला आणि मुंबईचा डीसी एकटा पडला. बदल तर करायलाच हवा होता. पण रोज लाखो माणसे ज्या गाड्यांतून कामावर जातात, त्यांची तार एका रात्रीत कशी बदलणार? तेव्हा रेल्वेने आधी दोन्ही प्रवाहांवर चालणारी एंजिने आणली. आमच्या कल्याणच्या शेडमध्ये अशी एंजिने १९९७ नंतर येऊ लागली. मग दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या लोकल गाड्या आणल्या. त्या पुरेशा झाल्यावर तार तुकड्यातुकड्याने बदलली. मुख्य मार्गाचा शेवटचा तुकडा २०१५ च्या जूनमध्ये बदलला, आणि हार्बरचा २०१६ च्या एप्रिलमध्ये. वर्षेच्या वर्षे लागली. त्या काळात गाडीतल्या माणसाला पायाखाली काय घडते आहे याचा पत्ताही नव्हता. त्याचे भांडण खिडकीच्या जागेवरून चालू होते. चांगल्या बदलाची खूण हीच, की ज्याच्यासाठी बदल करायचा, त्याचे खिडकीवरचे भांडणसुद्धा थांबता कामा नये.

सूनबाईला हे सांगितले, तर ती म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे सात-आठ वर्षे होती. मी सात-आठ दिवस मागतेय."

ते दिवस मिळाले नाहीत म्हणजे काय होते, हे आमच्या घराने एका गौरीच्या सणात अनुभवले. कंपनी कोणती, साल कोणते, हे सांगत नाही; नावात काय आहे? सूनबाईने कर्जतच्या एका डॉक्टरांच्या वृद्ध पेशंटांसाठी एक लहानसे ॲप केले होते. गोळीची वेळ झाली की फोन वाजायचा आणि मराठीत बोलायचा. त्यातला आवाज होता आमच्या सौभाग्यवतींचा. "जेवण झाले का? मग आता पांढरी गोळी घ्या. पाणी भरपूर प्या बरे का." तीस वर्षे हाच आवाज मी फुकट ऐकत आलो, आता तो दुकानात मांडला गेला.

पेशंटांपैकी सतरा जणांकडे मुलांनी पाठवलेले एकाच कंपनीचे फोन होते. येणाऱ्या प्रणालीत हा आवाज गप्प होतो, नुसतीच अक्षरे उमटतात, हे सूनबाईने जुलैमध्येच कच्च्या हत्यारावर ओळखले होते आणि दुरुस्तीही करून ठेवली होती. अडले होते ते पक्क्या हत्याराशी. ते आले गौरी आवाहनाच्या रात्री, आणि त्याच वेळी कळले, की प्रणाली दुसऱ्याच रात्री येते आहे. हत्यार उतरवून घ्यायला बसावे तर बाहेर परतीच्या पावसाने थैमान मांडले आणि दिवे गेले. ज्या गावात शंभर वर्षे वीज तयार होते, तेथे सूनबाई मेणबत्तीच्या उजेडात लॅपटॉपची बॅटरी मोजत बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पहाटे दिवे आले. गौरी जेवणाच्या दिवशी, सोळा भाज्यांच्या घाईत, वरच्या खोलीत ॲप पुन्हा बांधून झाले आणि संध्याकाळी दुकानाच्या तपासनिसाकडे गेले. रात्री नवी प्रणाली सुटली. म्हातारी माणसे फोन चार्जिंगला लावून झोपली, आणि सकाळी उठली ती नव्या रुळांवर. सतरा फोन मुके झाले होते.

सूनबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आई, साखरेच्या गोळ्या आहेत, रक्तदाबाच्या आहेत. अक्षरे कोण वाचणार? काकूंना तर मोतीबिंदू."

आमच्या सौभाग्यवतींनी पदर खोचला. "आवाज माझाच हवा ना? मग फोन आण इकडे. आणि कोणाची गोळी किती वाजता ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिही."

त्या विसर्जनाच्या दिवशी आमच्या घरातून सतरा माणसांना फोन गेले. सकाळी उपाशीपोटीची थायरॉइडची गोळी, नाश्त्यानंतरची, दुपारची, रात्री आठची. मी आणि चिरंजीव हाताखाली होतो. मी एका गृहस्थांना लावला, तर ते म्हणाले, "तुम्ही कोण? गोळीचे त्या बाई सांगतात." सौभाग्यवतींनी फोन हातात घेऊन "पांढरी गोळी घ्या" म्हटल्यावरच त्यांनी ती घेतली. एक आजी तर आवाज ऐकून क्षणभर गप्पच झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "अग बाई, म्हणजे तुम्ही खऱ्या आहात होय? मी रोज तुम्हांला 'घेतली हो' म्हणून उत्तर देते. म्हटले, यंत्र तर यंत्र, विचारते आहे ना कोणी!"

सौभाग्यवती फोन ठेवून बराच वेळ देवघरात जाऊन बसल्या.

रात्री उशिरा दुकानाची परवानगी आली. दुसऱ्या दिवशी सूनबाईने एकेकाला फोनवरून नवे ॲप उतरवून दिले, आणि सतरा फोन पुन्हा बोलू लागले. कोणाची गोळी चुकली नाही. कंपनीच्या हिशेबात त्या दिवसाची नोंद कोठेच नसेल. तिच्या दृष्टीने प्रणाली वेळेवर आली आणि ॲपही दोन दिवसांत आले. सारे सुरळीत!

मला या प्रसंगावरून एवढेच दिसते, की हत्यार आणि काम यांच्यातले अंतर कधी नाहीसे होत नसते. ते कंपनीने पंचांगात ठेवले नाही, तर कोणाच्या तरी घरात येऊन पडते. कोणाची झोप त्यात जाते, कोणाचा सण जातो. मोठ्या कंपनीत हजार माणसे असतात, ती हा भार वाटून घेतात. वरच्या खोलीत एकट्याने कारखाना चालवणाऱ्याला वाटून घ्यायला घरची माणसेच असतात. त्यात भर म्हणून दुकानांचे कायदे आहेतच: अमुक तारखेपासून नव्या हत्यारानेच बांधलेले ॲप स्वीकारू. ॲपलची ही तारीख बहुधा एप्रिलमध्ये येते, गूगलची अलीकडे ऑगस्टअखेर. लहान कारागिराने वेळ पाळायची, हे न्यायाचेच आहे. मग त्याला वेळ देणाऱ्यानेही ती पाळावी, आणि आधी सांगावी. आठवडाभर पुरतो. त्यात फोनची विक्री बुडत नाही आणि गुपितही फुटत नाही, हे गेल्या काही वर्षांनी दाखवून दिले आहे.

सूनबाई आता गणपतीच्या आधीच एक कागद भिंतीवर लावते. त्यावर पेशंटांची नावे, गोळ्यांच्या वेळा आणि कोणी कोणाला फोन करायचा त्याची वाटणी असते. अजून तो पुन्हा वापरावा लागलेला नाही.

त्या आजींचे ॲप कधीच दुरुस्त झाले आहे. रात्री आठ वाजता ते न चुकता बोलते. पण आठ वाजून पाच मिनिटांनी आमचा फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, "घेतली हो गोळी. तुमचे जेवण झाले का?"